डास, पक्षी आणि संसदेची चौकशी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

११ डिसेंबर २०२२ हा दिवस नागपूरकरांच्या लक्षात राहिला तो समृद्धी महामार्गामुळे, मेट्रोमुळे आणि बिलासपूरला जाणाऱ्या वंदे भारत गाडीमुळे. त्याच दिवशी पंतप्रधानांच्या हस्ते आणखी एका संस्थेची पायाभरणी झाली. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वन हेल्थ असं तिचं नाव. खर्च ११० कोटींहून जास्त. माणसांचे, गुराढोरांचे आणि जंगली प्राण्यांचे रोग वेगवेगळे न पाहता एकत्र अभ्यासायचे, हा तिचा उद्देश. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तिला फार जागा मिळाली नाही, आणि ते साहजिकच होतं. रस्ता दिसतो, गाडी दिसते. जंतू दिसत नाहीत.

पण फुटाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींपैकी एकाने ती बातमी वाचली होती. त्याने मला थांबवून विचारलं, "सर, तिथं भयंकर जंतू ठेवणार म्हणे. बॉम्बगिम्ब बनवून राहिले का जी?"

मी हसलो. बाकीचेही हसले. घरी आल्यावर मात्र वाटलं, हसायला नको होतं. प्रश्न भाबडा होता, पण चुकीचा नव्हता. जवळपास हाच प्रश्न १९७४ साली भारताच्या संसदेतल्या एका समितीने विचारला होता, आणि त्या चौकशीच्या कागदांत मुंबईची एक नामवंत संस्था सापडली होती. ती हकिकत आज मला श्रोत्यांसमोर मांडायची आहे.

आधी कायद्याचं थोडं. जंतूंचा शस्त्र म्हणून वापर करू नये, असं १९२५ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलमध्ये देशांनी ठरवलं. पण बनवू नये आणि साठवू नये, हे त्यात नव्हतं. ते आलं १९७२ च्या जैविक शस्त्रास्त्रबंदी करारात. भारताने त्यावर १५ जानेवारी १९७३ ला सही केली, १५ जुलै १९७४ ला मान्यतेवर शिक्कामोर्तब केलं, आणि २६ मार्च १९७५ पासून तो करार जगभर लागू झाला. हा करार कुठल्याही जंतूचं नाव घेऊन बंदी घालत नाही. तो हेतू पाहतो. प्लेगचा जंतू लस शोधण्यासाठी बाळगला तर चालतो, बचावाची साधनं तपासण्यासाठी बाळगला तरी चालतो; शस्त्रासाठी बाळगला तर गुन्हा. जंतू तोच, काचेची नळी तीच, कित्येकदा शास्त्रज्ञही तोच.

मग हेतू तपासायचा कुणी? रासायनिक शस्त्रांसाठी हेगला एक मोठी संस्था आहे, तिचे निरीक्षक कारखान्यात येऊन पिंपं मोजतात. जैविक शस्त्रांसाठी तसं काहीच नाही. तपासणीची पद्धत बसवण्याची बोलणी वर्षानुवर्षं चालली आणि २००१ च्या जुलैत अमेरिकेने नकार दिल्यावर बारगळली. जिनिव्हात या कराराचं कार्यालय २००६ मध्ये निघालं, त्यातली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. देशांनी दरवर्षी आपल्या प्रयोगशाळांची माहिती द्यावी असा संकेत आहे. नाही दिली, तर दारावर कुणी येत नाही.

आता मूळ गोष्ट. ती सुरू होते माकडांपासून.

१९५७ साली आजच्या कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसांना तीव्र ताप येऊ लागला. आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा भागात अलीकडच्या वर्षांत जो 'माकडताप' आला, तो हाच. पुण्याला तेव्हा विषाणू संशोधन केंद्र होतं. ते १९५२ मध्ये अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनने आणि आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने मिळून उभारलं होतं. आजची राष्ट्रीय विषाणू संस्था, एनआयव्ही, ती हीच. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी या तापाचा विषाणू वेगळा काढला आणि ते चकित झाले. गोचिडीतून पसरणारा हा विषाणू रशियात, सैबेरियाच्या बाजूला आढळणाऱ्या विषाणूंचा सख्खा भाऊबंद निघाला. हजारो मैलांवरचा नातेवाईक कर्नाटकाच्या जंगलात कसा पोचला? एक शक्यता अशी, की हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींबरोबर.

इथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संबंध आला. सालिम अलींना पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करायचाच होता, आणि अडचण नेहमीचीच होती, पैशाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५९ मध्ये काम सुरू झालं. पक्षी जाळ्यात धरायचे, अंगावरच्या गोचिडी काढून पुण्याला पाठवायच्या, पायात ॲल्युमिनियमचं हलकं कडं अडकवून पक्षी सोडून द्यायचा. कड्यावर इंग्रजीत लिहिलेलं असे, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. दूर कुठे तो पक्षी कुणाला सापडला, की पत्र यायचं. आपल्याकडच्या पक्ष्यांच्या वाटा आज आपल्याला ठाऊक आहेत त्या बऱ्याच अंशी या कड्यांमुळे.

पुढे पैसा दुसरीकडून येऊ लागला. १९६३ पासून अमेरिकी लष्कराने आशियात स्थलांतरित प्राण्यांच्या रोगांची एक मोठी पाहणी हाती घेतली होती. एलियट मक्ल्युर हे पक्षितज्ज्ञ तिचे प्रमुख. आठ वर्षांत अनेक देशांत मिळून दहा लाखांहून जास्त पक्ष्यांच्या पायांत कडी घातली गेली. मुंबईच्या कामाला त्यातून मदत मिळे, आणि ती बँकॉकच्या अमेरिकी लष्करी वैद्यकीय प्रयोगशाळेमार्फत येई. सालिम अलींचे अमेरिकी स्नेही आणि सहलेखक डिलन रिप्ली हे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हेरखात्यात होते, ही गोष्टही लोकांना माहीत होती. तेव्हा एका भारतीय पत्रकाराने जेव्हा लिहिलं, की शत्रूच्या मुलखात जंतू पोचवायला पक्षी वापरता येतील का हे अमेरिकी लष्कर आपल्या पक्ष्यांवर तपासून पाहत आहे, तेव्हा गदारोळ होणारच होता. सरकारने समिती नेमली. समितीने संस्थेला दोषमुक्त ठरवलं, पण बँकॉकमार्गे पैसा घ्यायचा नाही असं बजावलं.

आज मागे वळून पाहताना मला दोन्ही बाजू कळतात. व्हिएतनामच्या जंगलात पाच लाख सैनिक ठेवणाऱ्या लष्कराला आशियातले ताप कुठून येतात हे जाणून घेण्यात रास्त रस असणार. पण त्याच लष्कराचा मेरीलँडमधला फोर्ट डेट्रिक हा तळ १९४३ पासून जंतूंची शस्त्रं बनवण्याचं काम करत होता, आणि अध्यक्ष निक्सन यांनी २५ नोव्हेंबर १९६९ ला ते थांबवल्याचं जाहीर करेपर्यंत करतच होता. एकाच खजिन्यातून औषधाला आणि विषाला पैसा जात असेल, तर भरतपूरच्या तळ्याकाठी पक्षी धरणाऱ्या माणसाने आपल्याला मिळालेला रुपया कुठल्या गल्ल्यातला, हे कसं ओळखायचं?

पक्ष्यांचं वादळ शमतं तोच डासांचं उठलं. आणि हे जास्त मोठं होतं.

आपल्यापैकी ज्येष्ठांना पीएल-४८० हा शब्द आठवत असेल. अमेरिकेचा लाल गहू रेशनवर यायचा तो या कायद्याखाली. त्या गव्हाची किंमत भारत रुपयांत चुकवी आणि ते रुपये अमेरिकेच्या खात्यावर भारतातच पडून राहत. त्यांचं करायचं काय, तर इथेच संशोधनाला द्यायचे. त्या पैशातून १९६९ मध्ये दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा एक विभाग सुरू झाला. जागतिक आरोग्य संघटना तो चालवी, आपली वैद्यकीय संशोधन परिषद भागीदार होती आणि पैसा अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेचा होता. म्हणजे आपण खाल्लेल्या गव्हाच्या पैशातून आपल्या गावांत डास सोडायचे, असा तो व्यवहार होता.

डास सोडायचे कशाला, असं वाटेल. कल्पना हुशारीची होती. चावते ती मादी. नर फुलांचा-पानांचा रस पिऊन जगतो. प्रयोगशाळेत लाखो नर वाढवून ते निर्बीज करायचे आणि गावात सोडायचे. त्यांच्याशी जुळलेल्या माद्यांची अंडी उबणार नाहीत आणि डास घटतील. निर्बीज करण्याच्या रीती दोन-तीन होत्या. एकीत थायोटेपा नावाचं रसायन वापरत. दुसरीत दोन प्रांतांतल्या डासांच्या न जुळणाऱ्या जाती वापरत. ब्रह्मदेशात रंगूनजवळच्या ओक्पो या गावात १९६७ मध्ये ही दुसरी रीत यशस्वी झाली होती. डीडीटीला डास दाद देईनासे झाले होते, त्यामुळे नव्या वाटेची गरज खरीच होती.

दिल्लीच्या विभागाकडे तीन डास होते: हत्तीरोगाचा क्युलेक्स, शहरी हिवतापाचा ॲनाफिलीस स्टिफेन्साय आणि एडिस इजिप्ती. दिल्लीभोवतालच्या गावांत क्युलेक्स सोडून झाले. मग हरियाणातल्या सोनिपत शहरात एडिस सोडण्याची तयारी सुरू झाली. एडिस म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांचा, दिवसा चावणारा, डेंग्यू पसरवणारा डास. पण तो आणखी एक रोग पसरवतो, पीतज्वर. आणि पीतज्वर भारतात कधीच झालेला नाही. डास आहे, दाट वस्ती आहे, रोगाला प्रतिकार कुणाच्याच रक्तात नाही. फक्त विषाणू तेवढा नाही. म्हणून तर आफ्रिकेतून येणाऱ्याच्या हातात लशीचा दाखला नसेल तर विमानतळावर आजही त्याला अडवतात.

त्याच १९७४ साली पीटीआय या वृत्तसंस्थेचे विज्ञान वार्ताहर के. एस. जयरामन यांनी या साऱ्या कामांवर बातमी दिली. संपादक होते सी. राघवन. हिवताप देशाला पुन्हा छळू लागलेला असताना पीतज्वराच्या डासावर इतका जीव का, असा बातमीचा रोख होता. बातमी देशभर छापून आली आणि प्रकरण संसदेच्या लोकलेखा समितीपुढे गेलं.

लोकलेखा समिती म्हणजे हिशेब तपासणारी समिती. लोकसभेचे पंधरा आणि राज्यसभेचे सात खासदार. अध्यक्षपद विरोधी पक्षाला द्यायची प्रथा १९६७ पासूनची. तेव्हा अध्यक्ष होते पश्चिम बंगालचे ज्योतिर्मय बसू, सरकारला घाम फोडण्याबद्दल प्रसिद्ध. खासदारांपैकी डासांचं शास्त्र फारसं कुणाला येत असण्याचं कारण नव्हतं. पण हिशेब तपासणाऱ्याची एक सवय असते. तो विचारतो, हे कशासाठी, कुणाच्या पैशाने, आणि माल शेवटी कुणाच्या गोदामात गेला. समितीने तेच विचारलं. एडिस किती लांब उडतो, किती दिवस जगतो, वस्तीत कसा पसरतो, हे आकडे डास मारणाऱ्यालाही लागतात आणि डासांतून रोग सोडू पाहणाऱ्यालाही तेच लागतात. मग ते आकडे कुणाकुणाला मिळतात? करार करताना आपल्या खात्यांपैकी कुणी हा प्रश्न विचारला होता का? परिषदेचे अधिकारी, आरोग्य मंत्रालय, सगळ्यांना साक्षीला बसवलं. पक्ष्यांचं जुनं प्रकरणही पुन्हा बाहेर निघालं.

एप्रिल १९७५ मध्ये समितीचा १६७ वा अहवाल आला. भाषा कडक होती. या संशोधनाचा उपयोग भारतापेक्षा जैविक युद्धाची तयारी करणाऱ्याला जास्त, असा त्याचा सूर होता, आणि परक्या सहकार्याच्या प्रकल्पांना डोळे मिटून परवानगी देणाऱ्या आपल्या यंत्रणेवरही ताशेरे होते. सोनिपतचा बेत आधीच रद्द झाला होता. जूनअखेर दिल्लीचा विभागच बंद पडला. त्याच महिन्याच्या २५ तारखेला देशात आणीबाणी आली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला आणि या वादाची वर्तमानपत्री चर्चा तिथेच थिजली. जागतिक आरोग्य संघटनेने आरोप फेटाळले होतेच. 'नेचर' या ब्रिटिश नियतकालिकाने दिल्ली आणि जिनिव्हा दोघांनाही बोल लावले.

संशय खरा होता का? मी या विषयावर जे वाचलं त्यावरून माझं मत असं, की दिल्लीत बसलेले शास्त्रज्ञ डासच मारायला बसले होते. शस्त्र बनवल्याचा पुरावा समितीलाही मिळाला नाही. पण संशय आकाशातून पडलेला नव्हता. अमेरिकी लष्कराने १९५५-५६ मध्ये आपल्याच जॉर्जिया राज्यात एडिस डास, रोगाची लागण न केलेले, सोडून ते माणसांना किती चावतात हे मोजलं होतं, हे पुढे उघड झालेल्या कागदपत्रांत आहे. ते कागद ज्योतिर्मय बसूंच्या हाती असते तर अहवाल आणखी कडक झाला असता.

आणि अमेरिकेला एकटीलाच का बोल लावावा? सोव्हिएत रशियाच्या जैविक शस्त्र कार्यक्रमात वरच्या पदावर काम केलेले केन अलिबेक यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात लिहिलं, की रशियाने युद्धासाठी निवडलेला देवीचा विषाणू भारतातल्या रुग्णाकडून घेतलेला होता, आणि त्याचं नाव 'इंडिया-१९६७'. आपल्या देशात देवी निर्मूलनाची मोहीम चालू होती, रशिया लशी देत होता. आपण ज्याच्याकडे मित्र म्हणून पाहत होतो, त्याच्याकडे आपल्या रुग्णाच्या फोडातला पू कसा गेला, हे लोकलेखा समितीने कधी विचारलं नाही. विचारायला बातमीच नव्हती.

आता दुसरी बाजू, आणि ती आपल्या विदर्भाची. हत्तीरोग काय असतो हे नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या माणसाला पुस्तकात वाचावं लागत नाही. सुजलेला पाय घेऊन बाजारात बसलेली माणसं आपण पाहिली आहेत. सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेत या रोगाच्या निदानावर वर्षानुवर्षं काम झालं ते उगाच नाही. दिल्लीच्या त्या विभागाचं बरंचसं काम ज्या क्युलेक्सवर चाललं होतं, तो याच रोगाचा डास. विभाग बंद पडला तेव्हा क्युलेक्सचं कामही गुंडाळलं गेलं. ते पुरं होऊन यशस्वी झालं असतं का, हा जरतरचा मामला. पण ते अपयशी ठरल्यामुळे बंद झालं नाही, संशयामुळे झालं. संशयाचं बिल शेवटी कुणाच्या पायावर सुजलं, हेही हिशेबात धरायला हवं.

गंमत पुढेच आहे. न जुळणाऱ्या डासांची ती जी रीत होती, तिच्यामागे वोल्बाकिया नावाचा, डासाच्या पेशीत राहणारा जिवाणू असतो, हे नंतर स्पष्ट झालं. हा जिवाणू एडिस डासात घातला तर डास डेंग्यूचा विषाणू नीट पसरवू शकत नाही. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात याची मोठी चाचणी झाली आणि २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत डेंग्यू ७७ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. २०२२ मध्ये आपल्या आयसीएमआरच्या पुदुच्चेरी केंद्राने ऑस्ट्रेलियाच्या मोनॅश विद्यापीठाच्या सहकार्याने असे डास तयार केल्याचं जाहीर केलं. तोच एडिस, परदेशी सहकार्य, डास सोडण्याचाच विचार. सत्तेचाळीस वर्षांनी आपण सोनिपतच्या वेशीवर परत आलो, मधल्या काळात दर पावसाळ्यात नागपूरच्या दवाखान्यांत डेंग्यूच्या रांगा लावून.

अफवेचा अनुभव आपण १९९४ मध्येही घेतला. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, पुढच्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग दिसला आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाचा. त्या दिवसांत नागपूर स्टेशनावर सुरतेकडची गाडी आली की लोक तोंडाला रुमाल लावून दूर सरकत. आमच्या गल्लीतल्या दुकानात टेट्रासायक्लिनची एक पट्टी उरली नव्हती. हा रोग शत्रूने सोडला, ही कुजबूजही तेव्हाचीच. तो प्लेगच होता की नाही यावरही डॉक्टरांत वाद होता. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या आणि ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी जनुकीय चाचण्या करून जंतू प्लेगचाच असल्याचं दाखवलं, आणि तो अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. ही ग्वाल्हेरची डीआरडीई म्हणजे आपल्या डीआरडीओची शाखा. रासायनिक आणि जैविक हल्ल्यापासून बचाव कसा करायचा, जंतू चटकन कसा ओळखायचा, हे तिचं काम. देशात सरकारी खर्चाने या विषयाचं लष्करी अंगाने संशोधन कोण करतं, या प्रश्नाचं उत्तर मुख्यतः तेच आहे. आरोग्याच्या अंगाने पुण्याची एनआयव्ही, जनावरांच्या अंगाने भोपाळची उच्च सुरक्षा पशुरोग संस्था.

आपण शस्त्र बनवत नाही, असं भारत सांगत आला आहे. त्याविरुद्ध पुरावा कुणी दाखवलेला नाही आणि माझाही त्यावर विश्वास आहे. पण नुसत्या शब्दावर विसंबू नये, हे आपल्याच इतिहासाने शिकवलं आहे. १९९२ मध्ये भारत आणि पाकिस्तानने मिळून जाहीर केलं, की रासायनिक शस्त्रं आम्ही बनवणार नाही आणि बाळगणार नाही. १९९७ च्या जूनमध्ये, आंतरराष्ट्रीय करार लागू होताच, भारताने सांगितलं की आपल्याकडे साठा आहे. हजार टनांहून जास्त मस्टर्ड वायूचा. तो २००९ पर्यंत निरीक्षकांसमोर नष्ट केला गेला. हे भूषणावह आहे. पण सांगावं लागलं ते मोजायला येणारं कुणी होतं म्हणून.

राखणदारावर राखण नसेल तर काय होतं, ते अमेरिकेनेही भोगलं. २००१ मध्ये टपालातून अँथ्रॅक्सची पूड आली, पाच माणसं मेली. त्यांच्या तपास यंत्रणेने अखेर ठपका ठेवला तो फोर्ट डेट्रिकच्या बचाव प्रयोगशाळेतल्या एका शास्त्रज्ञावर. शत्रूवर नाही. तो शास्त्रज्ञ खटल्याआधीच मरण पावला, त्यामुळे न्यायालयात काही सिद्ध झालं नाही.

पक्ष्यांची गोष्टही संपलेली नाही. २०२२ च्या मार्चमध्ये रशियाने सुरक्षा परिषदेत आरोप केला, की युक्रेनमधल्या प्रयोगशाळांत स्थलांतरित पक्ष्यांतून रोग पसरवण्याचा अभ्यास अमेरिकेच्या पैशाने चालतो. बातमी वाचताना मला सालिम अली आठवले. आणि आपल्याकडे, २०१९ मध्ये नागालँडमधल्या वटवाघळांवर आणि त्यांची शिकार करणाऱ्या माणसांवर एक शोधनिबंध आला. त्यात बंगळुरूच्या शास्त्रज्ञांबरोबर सिंगापूरचे, अमेरिकी लष्करी वैद्यकीय विद्यापीठाचे आणि वुहानच्या विषाणू संस्थेचेही लेखक होते. पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एका विभागाचा. २०२० च्या सुरुवातीला आयसीएमआरने त्याची चौकशी सुरू केल्याच्या बातम्या आल्या. १९७५ च्या अहवालाच्या पानावरची नावं बदलून ही बातमी लिहिता आली असती.

आता पुन्हा फुटाळ्यावर येतो. त्या गृहस्थांना मी नंतर गाठलं आणि सांगितलं, बॉम्ब नाही बनणार. तशी संस्था ती नाही. घातक जंतूंसाठी १९८९ चे नियम आहेत, प्रत्येक संस्थेत जैवसुरक्षा समिती लागते, तिच्यात केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा माणूस बसतो. २००५ चा महासंहारक शस्त्रांविरुद्धचा कायदा आहे. परदेशी सहकार्य असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीपुढे जावं लागतं. नागपूरच्या संस्थेच्या संचालकाकडेच राष्ट्रीय वन हेल्थ मोहिमेची धुरा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला आहे, आणि त्या मोहिमेत आरोग्य, पशुसंवर्धन, पर्यावरण यांच्याबरोबर संरक्षण संशोधनाचं खातंही आहे.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे पाहणारे बी सरकारचेच. आपल्याला विचारता येते का काही?"

येतं, असं मी म्हणालो. माहितीच्या अधिकारात अर्ज करा. आयसीएमआरच्या संस्थेला उत्तर द्यावं लागतं, काही अपवाद सोडून. जैवसुरक्षा समितीत कोण आहे, बैठका किती झाल्या, पैसा कुठून आला, हे विचारता येतं. डीआरडीओ मात्र त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कभंगाचा आरोप असल्याशिवाय तिला हा कायदा लागू नाही. एकच काम दोघांनी मिळून केलं, तर त्याची फाइल कुणाच्या कपाटात ठेवली आहे, यावर तुमचं उत्तर ठरेल.

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि अर्जाची फी किती, ते विचारलं. दहा रुपये, मी सांगितलं.